बैठकीचे मूल्यमापन कसे करावे : एका निरीक्षण-पत्रकाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

बैठक संपल्यावर सदस्यांना जो अभिप्राय-अर्ज दिला जातो, त्यात साधारणपणे ‘बैठक उपयुक्त वाटली का’, ‘आपल्याला बोलण्याची संधी मिळाली का’ असे प्रश्न आणि त्यांच्यापुढे एक ते पाच असे आकडे छापलेले असतात. या अर्जातून सदस्यांचे समाधान कळते आणि ते कळणे आवश्यकही आहे. परंतु समाधान आणि चर्चेचा कस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या बैठकीत सर्वांनी एकमेकांची री ओढली, ती बैठक सर्वांना छान वाटते. ज्या बैठकीत कोणीतरी अडचणीचा प्रश्न विचारून सर्वांना पुन्हा हिशेब मांडायला लावला, ती अनेकांना त्रासदायक वाटते, आणि पुष्कळदा खरे काम तिथेच झालेले असते.

निर्णयावरून बैठकीची पारख करणेही अवघड आहे. निर्णय बरोबर होता की नाही हे अनेकदा काही महिन्यांनी कळते आणि तोवर परिस्थिती बदललेली असते. शिवाय वरवरच्या चर्चेतून घेतलेला निर्णय योगायोगाने फळतो आणि कसून विचार करून घेतलेला निर्णय बाहेरच्या कारणाने फसतो. म्हणून या प्रकल्पाचा विषय एवढाच ठेवला आहे की, चर्चा चालू असताना तिच्यात काय घडले हे तिऱ्हाईत निरीक्षकाला कसे नोंदवता येईल आणि ती नोंद त्या गटाच्या कामी येईल अशा रूपात त्याला परत कशी देता येईल. निवड-प्रक्रियेतील गटचर्चा यातून मुद्दाम वगळली आहे. तिथे एकेका उमेदवाराला गुण द्यायचे असतात. इथे मूल्यमापन गटाचे आहे, आणि दोन्ही हेतू एका पत्रकात आले तर सदस्य गटासाठी बोलायचे सोडून निरीक्षकासाठी बोलू लागतील.

१३ जानेवारी

सुरुवात सर्वांत सोप्या मोजमापापासून केली आहे: कोण किती वेळा बोलले, किती वेळ बोलले आणि कोणाला उद्देशून बोलले. बसण्याच्या जागांचे वर्तुळ कागदावर काढून प्रत्येक बोलण्यासाठी बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्याकडे बाण ओढायचा. सर्वांना उद्देशून बोलले गेले तर बाण मध्यभागी न्यायचा. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर हा कागद पाहिला की सगळे बाण अध्यक्षांकडे जाऊन तिथूनच परत फिरत आहेत की सदस्य आपसांतही बोलत आहेत, हे एका दृष्टिक्षेपात दिसते. या पद्धतीला कोणतेही प्रशिक्षण लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

बोलण्याच्या वाटणीला महत्त्व देण्यामागे आधार आहे. अनिता वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ६९९ व्यक्तींनी दोन ते पाच जणांच्या गटांत निरनिराळी कामे केली. एका कामात सरस ठरलेला गट दुसऱ्या कामातही सरस ठरण्याचा कल तेथे आढळला आणि या सामूहिक क्षमतेचा संबंध सदस्यांच्या सरासरी बुद्धिमत्तेशी फारसा नव्हता. तो दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याच्या कौशल्याशी, गटातील स्त्रियांच्या प्रमाणाशी आणि बोलण्याच्या पाळ्या समान वाटल्या जाण्याशी होता. मात्र हा संबंध सहसंबंध आहे. बोलण्याचा वेळ घड्याळ लावून समान वाटला म्हणजे गट हुशार होईल, असे त्यातून निघत नाही. एखाद्या विषयाची माहिती एकाच सदस्याला असेल तर त्या विषयावर त्याने अधिक बोलणे हेच योग्य. म्हणून पत्रकात बोलण्याची वाटणी नोंदवायची, पण तिला गुण द्यायचे नाहीत, असे ठरवले आहे. ज्यांचा बाण एकदाही निघाला नाही, त्यांच्याकडे काही सांगण्यासारखे होते का, हा खरा प्रश्न आहे आणि मोजणी त्याचे उत्तर देत नाही.

२२ जानेवारी

आशयाकडे वळायचे तर रॉबर्ट बेल्स यांच्या पद्धतीला पर्याय नाही. हार्वर्ड विद्यापीठात लहान गटांचे निरीक्षण करून त्यांनी १९५० साली बारा प्रकारांची वर्गवारी मांडली. बोललेले प्रत्येक वाक्य, किंबहुना ओळखता येईल असा वर्तनाचा प्रत्येक छोटा तुकडा, या बारांपैकी एका प्रकारात घालायचा. मधले सहा प्रकार कामाचे आहेत: माहिती, मत आणि सूचना देणे, आणि याच तिन्ही गोष्टी मागणे. उरलेले सहा भावनेच्या अंगाचे आहेत. तीन जोडणारे, म्हणजे आपुलकी दाखवणे, ताण हलका करणे आणि सहमती दर्शवणे, आणि तीन त्यांच्या उलट, म्हणजे असहमती, ताण आणि वैर. कागदावर ही रचना आरशातल्या प्रतिमेसारखी सममित आहे आणि तिच्यातून गटाची प्रकृती लवकर ध्यानात येते. ज्या बैठकीत मतांचा पाऊस पडतो आणि प्रश्नांचे रकाने कोरडे राहतात, तिथे प्रत्येक जण आपापले बोलून मोकळा होत आहे, असे खुशाल समजावे.

प्रत्यक्ष वर्गीकरण मात्र वाटते तितके सरळ नाही. एका ध्वनिमुद्रणात एक सदस्य म्हणतात, “हे आपण आधी करून पाहिले होते ना?” शेवटी प्रश्नचिन्ह आहे म्हणून हे माहिती मागणे धरावे का? बोलणाऱ्यांना उत्तर ठाऊक आहे, ते आठवण करून देत आहेत, म्हणून हे माहिती देणे आहे का? की मागच्या वेळी ते फसले होते हे सर्वांना माहीत असल्यामुळे ही सौम्य शब्दांतली असहमती आहे? आपल्याकडच्या बोलण्यात ‘ना’ या एका अक्षराने विधानाचा प्रश्न आणि प्रश्नाचा विरोध होतो. बेल्स यांचा दंडक असा की, निरीक्षकाने बोलणाऱ्याच्या मनात शिरू नये; ऐकणाऱ्या सर्वसामान्य सदस्याच्या जागी बसावे आणि त्याला ते वाक्य कसे पोहोचेल ते लिहावे. या कसोटीला लावल्यास उत्तर मिळते. त्या वाक्यानंतर सूचना मांडणाऱ्या बाईंनी लगेच “या वेळी परिस्थिती वेगळी आहे” असे सांगून बचाव सुरू केला. म्हणजे त्यांना ती असहमतीच पोहोचली, आणि नोंदही असहमती अशीच झाली पाहिजे. पुढचे वाक्य ऐकल्याशिवाय मागच्या वाक्याची नोंद पक्की करायची नाही, हा नियम नियमावलीत घातला आहे.

३ फेब्रुवारी

दोन निरीक्षकांच्या नोंदी किती जुळतात हे पाहिल्याखेरीज कोणत्याही पत्रकावर विश्वास ठेवता येत नाही. इथे टक्केवारी फसवते. समजा, दोघांनी तीच शंभर वाक्ये ऐकून प्रत्येक वाक्य ‘प्रश्न’ आहे की ‘प्रश्न नाही’ एवढेच ठरवले आणि ऐंशी वाक्यांबाबत त्यांचे एकमत झाले. ऐंशी टक्के हे ऐकायला उत्तम वाटते. पण दोघांनीही वीस-वीस वाक्यांनाच प्रश्न म्हटले असेल तर केवळ योगायोगानेही बरेच एकमत होणार होते: दोघांनी ‘प्रश्न’ म्हणण्याची शक्यता ०.२ गुणिले ०.२ म्हणजे ०.०४, दोघांनी ‘प्रश्न नाही’ म्हणण्याची ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४, बेरीज ०.६८. जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचवलेल्या ‘कापा’ या गुणकात हे योगायोगाचे एकमत आधी वजा होते. ०.८० मधून ०.६८ वजा केल्यावर उरतात ०.१२, योगायोगापलीकडे जास्तीत जास्त शक्य असलेले एकमत १ वजा ०.६८ म्हणजे ०.३२, भागाकार ०.३७५. ऐंशी टक्क्यांचा रुबाब इथे उतरतो. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या प्रचलित पट्टीनुसार ०.६१ च्या पुढचे एकमत भरीव मानतात आणि ०.२१ ते ०.४० हे जेमतेम.

या हिशेबाचा उपयोग गुण दाखवण्यासाठी करायचा नाही. ज्या प्रकारांबाबत निरीक्षकांचे जुळत नाही, त्या प्रकारांची व्याख्या अपुरी आहे, असे त्यातून समजायचे. बारा प्रकारांतले ‘मत देणे’ आणि ‘सूचना देणे’ यांच्यामधली सीमा सर्वाधिक पुसट आहे. “हे पुढच्या महिन्यात केलेले बरे” या वाक्यात दोन्ही आहेत. पत्रकासाठी हे दोन प्रकार एकत्र केले आहेत. बारीक वर्गवारी अभ्यासकाला हवी असते. गटाला हवी असते ती भरवशाची.

६ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रणासाठी प्रत्येक सदस्याची वेगळी संमती घ्यायची, ‘सर्वांची हरकत नाही ना’ असे सभेत विचारून नव्हे. ज्यांना नको असेल त्यांचे नाव उघड होणार नाही अशा रीतीने पूर्ण बैठकीचेच मुद्रण रद्द करायचे.

१४ फेब्रुवारी

बैठक संपल्यावर निरीक्षकाने ‘सहभाग’, ‘स्पष्टता’, ‘परस्पर आदर’ अशा निकषांवर एकदम गुण द्यावेत, ही पद्धत सर्वत्र चालते, कारण ती झटपट होते. तिचा दोष जुना आणि परिचित आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवून दिले की, सैन्यातील अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांवर जे अंक देत, ते एकमेकांशी अवास्तव जुळत; एकूण छाप चांगली पडली की सगळेच अंक वर जात. बैठकीचेही तसेच होते. हसतखेळत झालेल्या बैठकीला ‘स्पष्टता’ या निकषावरही चार-पाच गुण मिळून जातात, मग ठरले काय हे कोणाला सांगता येवो अथवा न येवो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक अंकाशेजारी दिसण्याजोग्या वर्तनाचे वाक्य लिहिणे. स्मिथ आणि केंडल यांनी १९६३ साली मांडलेली ही पद्धत आपण दोनच निकषांसाठी ठेवली आहे. ‘विरोधी मत ऐकणे’ याला ३ गुण कधी? विरोधी मत मांडणाऱ्याचे बोलणे पूर्ण होऊ दिले, पण त्यावर पुढे कोणी बोलले नाही, तेव्हा. ५ कधी? विरोधी मत दुसऱ्या कोणी स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडून मग त्याला उत्तर दिले, तेव्हा. असे लिहून ठेवले की छाप बाजूला राहते.

२४ फेब्रुवारी

प्रकल्पाचा रोख ज्या संशोधनाने बदलला, ते गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांचे १९८५ चे काम आहे. चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांना विद्यार्थी-परिषदेच्या अध्यक्षपदासाठी तीन काल्पनिक उमेदवारांतून एकाची निवड करायची होती. काही गटांत प्रत्येक सदस्याला सर्व माहिती दिली होती. काही गटांत तीच माहिती अशी वाटली होती की, सर्वांत योग्य उमेदवाराच्या जमेच्या बाजू एकेका सदस्याकडे विखुरलेल्या राहाव्यात. चौघांनी आपापल्याकडचे सगळे टेबलावर ठेवले असते तर योग्य उमेदवार ओळखता आला असता. तसे झाले नाही. जे सर्वांना आधीच ठाऊक होते त्याचीच चर्चा अधिक झाली, जे एकालाच ठाऊक होते ते मागे राहिले, आणि विखुरलेल्या माहितीचे गट चर्चेनंतरही बहुधा चुकीच्याच उमेदवारावर येऊन थांबले.

याचे कारण आळस किंवा दुष्टपणा नाही. चौघांना ठाऊक असलेली गोष्ट चौघांपैकी कोणाच्याही तोंडून निघू शकते. एकालाच ठाऊक असलेली गोष्ट त्या एकालाच आठवावी लागते. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट बोलली की माना डोलतात, त्यामुळे बोलणाऱ्यालाही बरे वाटते; नवी गोष्ट सांगितली की शांतता पसरते, कारण ती खरी की खोटी हे इतर कोणालाच पडताळता येत नाही.

बैठक बोलावण्याचे प्रयोजनच मुळी विखुरलेले ज्ञान एकत्र आणणे हे असते. मग मूल्यमापनाचा मुख्य प्रश्नही तोच असला पाहिजे: जे एकालाच ठाऊक होते, ते बाकीच्यांपर्यंत पोहोचले का आणि निर्णयात उतरले का? बाण, प्रकार, अंक हे सगळे या प्रश्नाच्या सेवेत यायला हवेत.

८ मार्च

या प्रश्नासाठी वाक्ये मोजून भागत नाही. मुद्द्याचा माग काढावा लागतो. त्यासाठी पत्रकात एक लांबट तक्ता घातला आहे. प्रत्येक नव्या मुद्द्याला एक ओळ. रकाने असे: मुद्दा कोणी मांडला, कोणाकडून पोच मिळाली, कोणी उचलला, तपासला गेला का, आणि शेवटी त्याचे काय झाले. शेवटच्या रकान्यात चारच शब्द चालतात: ‘उतरला’, म्हणजे निर्णयात आला, ‘फेटाळला’, म्हणजे कारण देऊन बाजूला ठेवला, ‘राखला’, म्हणजे कोणत्या बैठकीत घ्यायचा हे ठरवून पुढे ढकलला, आणि ‘विरला’.

एका ध्वनिमुद्रणातला भाग इथे जसाच्या तसा नोंदवून ठेवतो, कारण तक्त्याची गरज त्यातून स्पष्ट होते. विषय होता जुन्या वह्यांतील नोंदी नव्या संगणक-प्रणालीत आणण्याचा. गटातील सर्वांत नव्या सदस्या म्हणाल्या, “जुन्या वह्यांत एकाच माणसाचे नाव दोन-तीन प्रकारे लिहिलेले आहे, त्यामुळे नोंदी सरळ आणल्या तर एकाची तीन माणसे होतील.” अध्यक्ष म्हणाले, “हो, बरोबर, ते बघू आपण. तर मग तारीख कोणती धरायची?” चर्चा तारखेकडे गेली. बऱ्याच वेळाने एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “माझ्या मते आधी नावांचा घोळ निस्तरला पाहिजे, नाहीतर सगळेच मुसळ केरात.” यावर तिघे एकदम बोलले, वह्या मागवल्या गेल्या, दोन पाने उलटून पाहिली गेली आणि तारीख पुढे ढकलण्याचे ठरले. इतिवृत्तात सूचना ज्येष्ठ सदस्यांच्या नावावर लागली.

बेल्स यांच्या प्रकारांत हा उतारा घातला तर चित्र निर्दोष दिसते: माहिती दिली, सहमती दर्शवली, मत विचारले. असहमतीचा रकाना रिकामा, ताणाचा रकाना रिकामा. बाणांच्या कागदावरही त्या सदस्यांचा बाण उमटलेला आहे, म्हणजे त्यांना संधी मिळाली. आणि तरीही त्या बैठकीत सर्वांत मोलाची जी माहिती होती, ती पहिल्यांदा बोलली गेली तेव्हा कोणाच्याच हाती लागली नाही. ज्येष्ठ सदस्यांना ती स्वतंत्रपणे सुचली नसती तर ती गेलीच होती. “हो, बरोबर, ते बघू” ही पोच आहे; ती मुद्दा उचलत नाही, सौजन्याने बंद करते. उचलणे म्हणजे त्या मुद्द्याला धरून पुढचे वाक्य येणे: कोणत्या वह्या, किती नावे, तुम्ही कुठे पाहिले? तक्त्यात ‘पोच’ आणि ‘उचलला’ हे दोन रकाने वेगळे ठेवण्याचा आग्रह यासाठीच आहे. सहकाऱ्यांनी दोन्ही एकत्र करून जागा वाचवण्याचे सुचवले होते. हा उतारा त्यांना ऐकवल्यावर त्यांनीच ती सूचना मागे घेतली.

कोणाच्या तोंडून आला म्हणून मुद्दा उचलला गेला, हे दाखवणारी नोंद गटासाठी सर्वांत उपयोगी आहे आणि सर्वांत नाजूकही. तो मुद्दा दोनदा आला असेल तर दोन्ही वेळची नोंद एकाच ओळीत, एकाखाली एक करायची. नावे न लिहिता ‘पहिल्यांदा’, ‘दुसऱ्यांदा’ एवढेच. वाचणाऱ्यांना आपापले ओळखता येते.

१७ मार्च

मुद्दा ‘फेटाळला’ गेला असेल तर कारणाचा दर्जाही पाहावा लागतो. २००३ साली स्टीनबर्गन, बेख्टिगर, श्पर्न्डली आणि स्टायनर यांनी संसदीय वादविवादांसाठी जो संवाद-गुणवत्ता निर्देशांक तयार केला, त्यात समर्थनाच्या पायऱ्या आहेत: कारणच नाही, कारण दिले पण मागणीशी त्याचा धागा जोडला नाही, एक धागा नीट जोडला, एकाहून अधिक जोडले. संसदेतील वक्ता अनोळखी श्रोत्यांनाही पटवत असतो, म्हणून तो कारणे उलगडून सांगतो. रोज एकत्र काम करणाऱ्यांच्या बैठकीत “मागच्या वर्षीसारखे होईल” एवढे म्हटले की सर्वांना कारण कळते. त्यामुळे पायऱ्या कमी करून एकच प्रश्न ठेवला: फेटाळण्याचे कारण बैठकीला नसलेल्या सदस्याला इतिवृत्त वाचून कळेल का? कळत नसेल तर रकान्यात ‘फेटाळला’ न लिहिता ‘विरला’ लिहायचे.

२९ मार्च

निरीक्षकावर अवलंबून नसलेल्या दोन चाचण्या जोडल्या आहेत. पहिली बैठकीपूर्वीची: प्रत्येकाने आपला कल आणि त्याचे एक कारण चिठ्ठीवर लिहून ठेवायचे. सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५१ पासूनच्या, रेषांची लांबी ताडून पाहण्याच्या प्रयोगांत, इतर सर्व जण एकमुखाने उघड चुकीचे उत्तर देत असताना अनेक जण त्यांच्यामागे गेले. मात्र बरोबर उत्तर देणारा एक जोडीदार जरी मिळाला तरी हे मागे जाणे बरेच कमी झाले. चर्चा सुरू होण्याआधी लिहिलेली चिठ्ठी हा सदस्याचा स्वतःचाच जोडीदार ठरते. शिवाय बैठकीनंतर तोच प्रश्न पुन्हा विचारला की मते कुठे सरकली हे दिसते. जेम्स फिशकिन यांनी १९८८ पासून मांडलेल्या विचारविनिमयी जनमत-चाचणीचा गाभाही असाच आहे: चर्चेआधी आणि चर्चेनंतर तीच प्रश्नावली. कोणाचेच मत तसूभरही सरकले नाही तर बैठक कशासाठी भरली होती, हे गटाने स्वतःला विचारावे. सर्वांची मते एकाच बाजूला सरकली आणि तक्त्यात नवा मुद्दा एकही उतरलेला नसेल, तर ते सरकणे कशाने झाले याचाही विचार व्हावा.

दुसरी चाचणी बैठक संपल्याबरोबरची आणि माझ्या मते संपूर्ण पत्रकातली सर्वांत स्वस्त व सर्वांत कठोर. उठण्यापूर्वी प्रत्येकाने शेजाऱ्याला न विचारता तीन ओळी लिहायच्या: काय ठरले, कोणी करायचे, केव्हापर्यंत. एका गटात ‘आराखडा सुधारून सर्वांना पाठवायचा’ असे सर्वांनी लिहिले. ‘कोणी’ या ओळीत मात्र दोघांनी एकमेकांची नावे लिहिली आणि बाकीच्यांनी ‘समिती’ असे लिहिले. चर्चेचे गुऱ्हाळ कितीही रंगले तरी तो आराखडा कोणाच्याच टेबलावर जाणार नव्हता. चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्यावर तिथेच उलगडा झाला आणि नाव ठरले. मूल्यमापनाचे साधन आणि बैठकीतील सुधारणा इथे एकाच कृतीत होतात, म्हणून ही चाचणी वेळ कमी असला तरी गाळायची नाही.

११ एप्रिल

पत्रकाचे अंतिम रूप ठरले. पहिल्या पानावर बाणांचे वर्तुळ आणि प्रश्न, माहिती, मत-सूचना, असहमती एवढ्याच चार प्रकारांची मोजणी. दुसऱ्या पानावर मुद्द्यांचा तक्ता. तिसऱ्यावर वर्तनाच्या वाक्यांसह दोन निकष आणि चिठ्ठ्यांचा गोषवारा. पानांच्या शेवटी एकत्रित गुणांचा रकाना ठेवावा, अशी मागणी ज्या दोन गटांच्या बैठकांचे निरीक्षण केले त्या दोन्ही गटांकडून आली होती, कारण आकडा असला की मागच्या बैठकीशी तुलना करता येते. तो रकाना ठेवलेला नाही. असहमती वाढली आणि विरलेले मुद्दे घटले, तर बेरीज तशीच राहील आणि झालेली सुधारणा दडून जाईल. तुलनाच हवी असेल तर ‘विरला’ या शब्दापुढच्या ओळी दर बैठकीला वाचाव्यात.

निष्कर्ष गटाला त्याच आठवड्यात द्यायचे आणि त्यात तीनपेक्षा जास्त मुद्द्यांचा माग दाखवायचा नाही. जास्त दाखवले तर चर्चा मुद्द्यांवरून निघून निरीक्षकाच्या काटेकोरपणावर जाते. पुढच्या महिन्यापासून निरीक्षकाचे काम दोन्ही गटांतील सदस्यच पाळीपाळीने करणार आहेत. ज्याची पाळी असेल त्याने त्या बैठकीत मत मांडायचे नाही, पण स्वतःलाच ठाऊक असलेली माहिती असेल तर ती सांगायची आणि तक्त्यात तिची ओळ दुसऱ्याकडून भरून घ्यायची. त्यांच्या हाती देण्याची नियमावली दोन पानांत बसवत आहे. ‘ना’ने संपणाऱ्या वाक्यांची उदाहरणे त्यात सर्वांत आधी घेतली आहेत.